दिसणं आणि चाचपणं: दोन सूक्ष्मदर्शकांची एक जोडी

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत. त्यांच्या नावाच्या व्याख्यानात एखाद्या उपकरणाविषयी बोलावं असं मला वाटलं. शाळेत नियम पाठ होतात, शास्त्रज्ञांची नावं पाठ होतात, पण ज्या उपकरणामुळे ते ज्ञान हाती आलं त्याच्या करामती आणि त्याच्या खोड्या आपल्या कानावर फारशा येत नाहीत.

आजचा विषय एका जोडीचा आहे. जोडीतला थोरला म्हणजे प्रकाशावर चालणारा सूक्ष्मदर्शक. त्याचं वय साडेतीनशे वर्षांच्या पुढे आहे. धाकटा १९८६ सालचा. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून एएफएम म्हणतात, मराठीत अणुबल सूक्ष्मदर्शक. हा धाकटा पाहत नाही, चाचपतो. या दोघांना एकावर एक बसवून एकाच नमुन्याची एकाच जागी तपासणी करणं आता जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत रुळलं आहे. दोन चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसली की बघणारा खूश होतो. पण या जोडणीतून सर्वांत जास्त कळतं ते चित्रं जुळतात तिथे नाही, जुळत नाहीत तिथे. पुढचा सगळा वेळ मी हीच एक गोष्ट मांडणार आहे.

सुरुवात रॉबर्ट हूकपासून करू, कारण गंमत अशी की या जोडीतल्या दोघांचाही धागा त्याच्याकडे जातो. १६६५ साली त्याचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ निघाला. बुचाच्या पातळ कापावरची कप्पेदार रचना त्यात आहे, उवेचं आणि पिसवेचं भलंमोठं चित्रही आहे. प्रकाश सूक्ष्मदर्शकाची ताकद युरोपातल्या वाचकांना कळली ती या पुस्तकातून. तेरा वर्षांनी, १६७८ मध्ये, त्यानं स्प्रिंगचा नियम छापला: ताण जितका, तितकं उलट खेचणारं बल. आपण तो शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. एएफएम मात्र तो नियम क्षणभरही विसरत नाही. त्याचं सगळं मोजमाप त्यावर चालतं.

आधी थोरल्याची मर्यादा पाहू. भिंग कितीही चांगलं घासलं तरी प्रकाश ही लाट आहे, हे वास्तव बदलत नाही. लाट अडथळ्याच्या कडेला पसरते, त्यामुळे एका बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता लहानशी चकती होते. दोन बिंदू फार जवळ असले की त्यांच्या चकत्या एकमेकींत मिसळतात आणि दोन्ही मिळून एकच दिसतं. जर्मनीतल्या येना गावी कार्ल त्साइसच्या कारखान्यासाठी काम करणाऱ्या एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये ही मर्यादा मांडली. प्रकाशाची तरंगलांबी भिंगाच्या ‘न्यूमेरिकल ॲपर्चर’च्या, म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्या मापाच्या, दुपटीनं भागायची. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५२० नॅनोमीटर आणि उत्तम ऑइल इमर्शन भिंगाचं ॲपर्चर १.४ धरलं, तर उत्तर येतं सुमारे १८६ नॅनोमीटर. त्याहून जवळच्या दोन गोष्टी साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाला वेगळ्या दाखवता येत नाहीत. येना विद्यापीठातल्या आबेंच्या स्मारकावर हे सूत्र कोरलेलं आहे. सूत्र दगडात कोरलेलं असलं तरी शास्त्रज्ञांनी त्याला वळसे शोधले. त्याकडे शेवटी येऊ.

आता धाकटा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला झुरिकजवळच्या रुश्लिकोन इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिक रोरर यांनी स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शक बनवला. अणकुचीदार सुई आणि पृष्ठभाग यांच्यामधून वाहणारा अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह मोजत तो अणूंची मांडणी दाखवायचा. १९८६ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग या दोघांना मिळाला आणि उरलेला अर्धा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाबद्दल एर्न्स्ट रुस्का यांना. पण या उपकरणाला वीज वाहून नेणारा नमुना लागतो. पेशी, प्रथिनं, प्लॅस्टिक, काच यांचं काय करायचं? स्टॅनफर्डमधल्या मुक्कामात बिनिग यांनी कॅल्व्हिन क्वेट आणि क्रिस्टोफ गेर्बर यांच्यासोबत यावर तोड काढली आणि १९८६ मध्येच ती प्रसिद्ध झाली. प्रवाहाऐवजी बल मोजायचं. सोन्याच्या पातळ पत्र्याची एक चिमुकली पट्टी, तिच्या टोकाला हिऱ्याचा कण. हा कण नमुन्यावरून फिरवला की चढउतारांप्रमाणे पट्टी वाकते.

आजची पट्टी सिलिकॉनची किंवा सिलिकॉन नायट्राइडची असते. लांबी साधारण १०० ते २०० मायक्रोमीटर. तिला कॅन्टिलिव्हर म्हणतात. गॅलरीचा स्लॅब एका बाजूनं भिंतीत रोवलेला आणि दुसऱ्या बाजूनं मोकळा असतो त्याला गवंडी जो शब्द वापरतात, तोच हा. मोकळ्या टोकाखाली शंकूसारखी सुई, तिच्या टोकाची त्रिज्या १० नॅनोमीटरच्या आसपास. पट्टीचं वाकणं मोजायची सोपी रीत १९८८ मध्ये गेऱ्हार्ड मायर आणि नबील आमेर यांनी दाखवली: पट्टीच्या पाठीवर लेसरचा झोत टाकायचा आणि परावर्तित झोत दूरच्या प्रकाशग्राहकावर घ्यायचा. पट्टी जराशी कलली की दूरचा ठिपका शेकडो पटींनी जास्त सरकतो.

इथे हूक पुन्हा येतो. मऊ पेशींसाठी वापरायच्या पट्टीचा स्प्रिंग स्थिरांक समजा मीटरला ०.०५ न्यूटन आहे. ती १० नॅनोमीटर वाकली, तर बल झालं ०.५ नॅनोन्यूटन, म्हणजे न्यूटनच्या एक अब्जांश भागाचा निम्मा हिस्सा. एवढंसं बल हे उपकरण पाण्यात, जिवंत पेशीवर, सहज मोजतं. सुई हलवणारे स्फटिक दाबविद्युत गुणधर्माचे असतात. पिएर आणि झाक क्युरी या भावांनी तो गुणधर्म १८८० मध्ये दाखवला होता. विद्युतदाब दिला की ते नॅनोमीटरच्या हिशेबात लांबतात किंवा आखडतात. म्हणजे एएफएममध्ये नवी अशी एकही कल्पना शोधावी लागली नाही म्हटलं तरी चालेल. नवी होती ती मोट बांधण्याची हिंमत.

मग अडचण कुठे आहे? एएफएमला उंची आणि कणखरपणा कळतो, पण तो कशाला हात लावतोय ते त्याला कळत नाही. प्रथिनाचा गोळा आणि मिठाचा कण त्याच्या नकाशावर सारखेच उंचवटे दिसू शकतात. पृष्ठभागाच्या खोल आत काय आहे, हेही त्याला ठाऊक नसतं. त्याची नजर आखूड असते. एका वेळी काही दशमांश मिलिमीटरसुद्धा नाही, बहुधा १०० मायक्रोमीटरच्या आतला चौकोन. एवढ्या चौकोनात नेमकी हवी ती पेशी येणं हा योगायोगाचा भाग. उलट, प्रतिदीप्त रंगद्रव्य लावून पाहणाऱ्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाला ओळख पटते: हा डीएनए, हे ॲक्टिन, ही मायटोकाँड्रिया. पण तो ओळखतो फक्त जे रंगवलं तेच, तेही पुसट, आणि ते मऊ की कडक हे त्याला सांगता येत नाही. लग्नाच्या खरेदीत शालू निवडणारी बाई आधी रंग आणि काठ पाहते, मग पदर दोन बोटांत धरून पोत अजमावते. दोन्ही परीक्षा एकाच शालूच्या, आणि एक दुसरीची जागा घेत नाही. इथेही तसंच.

एएफएमचा शोध लागल्यावर काही वर्षांतच ही जोडी जमवायचे प्रयत्न सुरू झाले. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातल्या गटानं १९९२ मध्ये जैविक नमुन्यांसाठी प्रकाश सूक्ष्मदर्शक अंगभूत असलेल्या एएफएमचं वर्णन प्रसिद्ध केलं. आजची सर्वसाधारण मांडणी अशी: खाली इन्व्हर्टेड मायक्रोस्कोप, म्हणजे ज्याचं भिंग नमुन्याच्या खालून वर बघतं. मध्ये काचेच्या तळाची डिश. वरून एएफएमचं डोकं, सुई खाली करून. प्रकाश खालून, स्पर्श वरून. मुंबईच्या आयआयटीत ‘बायो-एएफएम’ नावाची अशी सामाईक सुविधाच आहे.

ऐकायला हे सरळ वाटतं. प्रत्यक्षात दोघांच्या गरजा एकमेकांना छेद देतात. उत्तम भिंगाला ०.१७ मिलिमीटर जाडीची कव्हरस्लिप लागते, आणि एवढी पातळ काच कंपनांनी ढोलकीच्या पुडीसारखी थरथरते. तेलाच्या थेंबातून भिंग काचेला टेकलेलं असतं, म्हणून फोकस फिरवला की काच हलते आणि वर सुई बिचकते. कॅमेऱ्यातला पंखासुद्धा त्रास देतो. पट्टीवर पडणारा लेसर लाल असला तर तो प्रतिदीप्त चित्रात घुसतो, म्हणून अवरक्त लेसर वापरतात. उलटही घडतं. रंगद्रव्य चमकवायला टाकलेला तीव्र प्रकाश पट्टीवरच्या सोन्याच्या लेपाला तापवतो. सोनं आणि सिलिकॉन नायट्राइड वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, पट्टी आपोआप वाकते आणि नसलेलं बल नोंदलं जातं. पुष्कळ जण म्हणूनच आधी प्रकाशचित्र घेतात, दिवा बंद करतात आणि मग सुई उतरवतात.

नमुना कशावर ठेवायचा, हाही तंटाच. एएफएमला सपाट तळ हवा, प्रकाशाला पारदर्शक. यावर जुना उतारा म्हणजे अभ्रक. झारखंडच्या कोडरमा भागातल्या खाणींनी एके काळी ज्याचं नाव जगभर नेलं, तेच. चिकटपट्टीनं त्याचा थर सोलून काढला की आतून अणूंच्या पातळीवर सपाट, कोरा पृष्ठभाग मिळतो. त्याचा अगदी पातळ पापुद्रा काचेवर चिकटवला तर दोघांचंही भागतं. पापुद्रा जाड राहिला तर प्रकाशचित्र बिघडतं.

आता सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग: जुळणी. भिंगातून आलेलं चित्र कडेला किंचित ताणलेलं असतं, आरशांतून येताना कधी उलटं-फिरलेलंही असतं. एएफएमचा नकाशा स्फटिकांच्या हालचालीवरून बनतो. हे दोन नकाशे नुसते डोळ्यांनी जुळवून चालत नाही. त्यासाठी सुईच वापरतात. ती अंतरं माहीत असलेल्या बिंदूंच्या जाळीवर एकेक करून नेतात, प्रत्येक ठिकाणी खालून तिचा फोटो काढतात, आणि त्या बिंदूंवरून संगणक प्रकाशचित्राला ताणून, फिरवून एएफएमच्या मापात बसवतो. हे काम टाळलं तर काय होतं? अर्ध्या मायक्रोमीटरनं सरकलेली चित्रं एकमेकांवर टाकली जातात. एका ठिकाणी उंचवटा आणि त्याच्या शेजारी चमक दिसते. मग माणूस म्हणतो, ‘वा, इथे काहीतरी वेगळं आहे!’ जुळणीतली चूक शोध म्हणून छापली जाते. चित्रं न जुळण्याला मी एवढं महत्त्व देतो आहे. त्यावर विश्वास ठेवायचा हक्क मात्र आधी जुळणी चोख केली असेल तरच मिळतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मलेरियाचं. अल्फोन्स लाव्हरां यांनी अल्जीरियात १८८० मध्ये रुग्णाच्या रक्तात मलेरियाचा परजीवी पाहिला. १८९७ च्या ऑगस्टमध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या जठराच्या भिंतीत तो सापडला. दोघांकडेही प्रकाश सूक्ष्मदर्शकच होता. प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम ही त्यातली सर्वांत घातक जात. तिचा परजीवी तांबड्या पेशीत शिरतो आणि साधारण ४८ तासांत वाढून, विभागून, पेशी फोडून बाहेर पडतो. प्लीहा अशा पेशी ओळखून काढून टाकते, म्हणून परजीवी एक डाव खेळतो. पेशीच्या पृष्ठभागावर तो बारीक गाठी उठवतो, त्यांच्यावर स्वतःचं एक चिकट प्रथिन मांडतो, आणि पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसते. अशा पेशी मेंदूच्या केशवाहिन्यांत साचल्या की जीवघेणा मेंदूचा मलेरिया होतो.

या गाठींची रुंदी १०० नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. आबेंची मर्यादा आठवा. रॉस यांच्या भिंगातून त्या दिसणं शक्यच नव्हतं. एएफएमला त्या स्वच्छ लागतात, कारण तांबड्या पेशीचा पृष्ठभाग एरवी गुळगुळीत असतो. आणि इथे निसर्ग आपल्याला एक देणगी देतो. आपल्या पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, म्हणजे डीएनए नसतो. डीएनएला चिकटणारं प्रतिदीप्त रंगद्रव्य घातलं आणि पेशीत ठिपका चमकला, तर आत पाहुणा आहे असं समजायचं.

आता एकाच पेशीबद्दल दोघांना विचारा. चार उत्तरं संभवतात. चमक नाही, गाठीही नाहीत: पेशी निरोगी. चमक आहे, गाठीही आहेत: वाढलेला परजीवी. इथे दोघांचं एकमत आहे, पण खरं सांगायचं तर आपल्याला नवं काही कळलं नाही. पुढे चला. चमक आहे, पण पृष्ठभाग गुळगुळीत. एएफएम एकटा असता तर त्यानं ही पेशी निरोगी म्हणून सोडून दिली असती. याचा एक अर्थ असा की परजीवी अजून लहान आहे, कारण गाठी पहिल्या १६ ते २० तासांनंतरच उगवू लागतात. दुसरा अर्थ असा की हा परजीवी गाठी करतच नाही. प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढवलेल्या काही वाणांत गाठीचं मुख्य प्रथिन बनवणारं जनुकच गळून गेलेलं असतं. दोघांतलं कोणतं, हे ठरवायला परजीवीचं वय लागतं, आणि ते पुन्हा प्रकाशातच त्याच्या आकारावरून कळतं. चौथं उत्तर: गाठी आहेत, चमक नाही. मग पहिला संशय स्वतःवर. लेप वाळताना मिठाचे कण चिकटले का? रंगद्रव्य आत पोचलं नाही का? की दोन चित्रं सरकली आणि आपण शेजारच्या पेशीचा ठिपका शोधतोय?

चारपैकी ज्या दोन उत्तरांत मतभेद आहे, तिथेच पुढचा प्रश्न जन्मला. वयानुसार गाठींची संख्या वाढते आणि एकेक गाठ आकारानं लहान होत जाते, हे कळण्यासाठीही प्रत्येक मोजलेल्या पेशीतल्या परजीवीचं वय माहीत असावं लागतं. नुसत्या गाठी मोजून ते कळत नाही, नुसती चमक पाहूनही नाही.

दुसरं उदाहरण थोडक्यात सांगतो. कर्करोगाच्या पेशी स्पर्शाला मऊ असतात, हे १९९९ मध्ये पोलंडमधल्या क्राकोच्या माऊगोझाता लेक्का आणि सहकाऱ्यांनी मूत्राशयाच्या पेशींवर दाखवलं. २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या गटानं रुग्णांच्या छातीत साठलेल्या पाण्यातल्या पेशी तपासल्या. पसरलेल्या कर्करोगाच्या पेशी त्याच रुग्णांच्या निरोगी पेशींपेक्षा ७० टक्क्यांहून अधिक मऊ निघाल्या. या पाण्यात दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतात. आधी प्रकाशात पाहून पेशी निवडायची आणि मग तिला दाबायचं, याशिवाय ही तुलना होऊच शकली नसती. अर्थात पेशी किती मऊ हे सुई कुठे टेकवली, केंद्रकावर की कडेला, आणि किती वेगानं दाबली, यावरही ठरतं. सुई कुठे आहे हे दाखवायलाही खालचा प्रकाशच उपयोगी पडतो.

आबेंच्या सूत्राला वळसा घालण्याबद्दल मघाशी बोललो होतो. एरिक बेट्झिग, श्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांना २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठीच मिळालं. चमकणारे रेणू आळीपाळीनं चालू-बंद करून ते काही दशक नॅनोमीटरपर्यंत पोचले. मग इटलीतल्या जेनोआच्या गटानं हेल यांच्या ‘स्टेड’ पद्धतीची सांगड एएफएमशी घातली. थोरल्याची नजर धाकट्याच्या इतकी जवळ गेल्यानं ‘हा उंचवटा तोच धागा आहे का?’ या प्रश्नाला निर्णायक उत्तर मिळू लागलं. आणि आज विज्ञान दिन आहे म्हणून एक भर. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांना जो परिणाम सापडला, त्यातून पदार्थाची रासायनिक ओळख पटते, पण तो प्रकाश फार क्षीण असतो. २००० सालाच्या सुमारास झुरिक, ओसाका आणि इतर ठिकाणच्या गटांनी एएफएमसारख्या सुईला सोन्या-चांदीचा लेप दिला. सुईच्या टोकाशी प्रकाशाचं क्षेत्र एकवटतं आणि टोकाखालच्या मोजक्या रेणूंचा रामन संकेत मोठा होतो. इथे दोन उपकरणं शेजारी राहिलेली नाहीत. स्पर्श करणारी सुईच प्रकाशाचा स्रोत झाली आहे.

या सगळ्याचा आपल्या दवाखान्यातल्या तपासणीशी काय संबंध, असा प्रश्न इथे बसलेल्या डॉक्टरांच्या मनात असेल. तालुक्याच्या रुग्णालयात मलेरियाचं निदान रक्ताच्या काचेवरच होणार आणि तेच योग्य आहे. पारंपरिक एएफएमला एका चित्राला काही मिनिटं लागतात, आणि रोज शेकडो नमुने पाहणाऱ्या तंत्रज्ञाला त्याचा काही उपयोग नाही. हे उपकरण निदानासाठी नाही. निदान ज्या समजुतींवर उभं असतं, त्या समजुती तपासण्यासाठी ते आहे.

शेवटी, तुमच्यापैकी ज्यांना विज्ञानाची मासिकं चाळायची सवय आहे त्यांच्यासाठी. अशा चित्रात हिरवी-लाल पेशी आणि तिच्यावर सोनेरी डोंगर दिसले, तर लक्षात ठेवा की डोंगरांचा सोनेरी रंग संगणकानं दिलेला आहे. सुईला रंग कळत नाही. डोंगरांची उंची भरवशाची असते, पण रुंदी सुईच्या जाडीमुळे फुगलेली असते. दोन नॅनोमीटर जाडीचा डीएनए तिच्या नकाशावर त्याच्या कित्येक पट रुंद दिसतो. मग लेखात शोधा: जुळणी कशी केली हे लेखकांनी सांगितलंय का? आणि दोन चित्रं जिथे जुळली नाहीत, त्या जागांबद्दल ते काय म्हणतात? त्याविषयी एक ओळही नसेल तर ते चित्र फक्त शोभेचं समजा. असेल, तर लेख तिथून वाचायला घ्या.

 आता प्रश्न विचारा, आणि माझ्याशी मतभेद असला तर तो प्रश्न सर्वांत आधी विचारा.